उशाशी लॅव्हेंडर, पण झोप का येत नाही?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नेरूळच्या आमच्या दवाखान्यात शहात्तर वर्षांच्या एक काकू आल्या. तक्रार साधी होती: मानेवर, कानामागे लालसर पुरळ उठले होते आणि खाज सुटत होती. नवा साबण, नवे तेल, नवा दागिना, असे नेहमीचे प्रश्न विचारले. तेव्हा सूनबाईंनी पिशवीतून गडद तपकिरी रंगाची छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. लॅव्हेंडरचे तेल. परदेशी असलेल्या नातीने मोठ्या मायेने पाठवलेले. काकू रोज रात्री त्याचे चार-पाच थेंब मानेला चोळत आणि दोन थेंब उशीवर टाकत.

"झोप येत नाही ना डॉक्टर, म्हणून," काकू म्हणाल्या.

पुरळाचे कारण सापडले होते. तेल बंद करायला सांगून, मलम लिहून मी त्यांना निरोप देऊ शकलो असतो. पण जाता जाता विचारले, "काकू, झोप येत नाही म्हणजे नेमके काय होते?"

"पडले की छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते. दम कोंडतो. उठून बसले की बरे वाटते. आधी दोन उशा पुरायच्या, आता तीन लागतात. मध्यरात्री तर खिडकीशी जाऊनच बसते."

पायांवर बोट दाबून पाहिले, तर घोट्याजवळ खळगा पडला आणि तसाच राहिला. हे निद्रानाशाचे लक्षण नव्हते. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली की आडवे पडल्यावर फुप्फुसांत पाणी साचू लागते आणि श्वास घेणे जड जाते. हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले, इको झाला, निदान पक्के झाले, औषधे सुरू झाली. काही आठवड्यांनी काकू पुन्हा एका उशीवर झोपू लागल्या.

या हकिकतीतला माझा वाटाही सांगितला पाहिजे. त्याआधी दीड महिन्यापूर्वी काकू रक्तदाब तपासायला येऊन गेल्या होत्या. मी रक्तदाब मोजला, गोळ्या तशाच चालू ठेवल्या आणि पुढचा रुग्ण आत बोलावला. झोपेविषयी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. "म्हातारपणी झोप कमीच होते" असे घरात ठरले होते आणि त्यावर तेलाचा उपाय चालू होता. लॅव्हेंडरने त्यांच्या हृदयाला काहीही केले नाही. मात्र त्या सुवासाच्या भरवशावर सहा आठवडे निघून गेले.

म्हणून आजच्या लेखात लॅव्हेंडर तेलाचे गुण आणि दोष सांगणारच आहे. मात्र झोप का येत नाही, हा प्रश्न ज्या घरात आधी विचारला जातो, तिथेच ही बाटली उघडावी, एवढे सूत्र वाचकांनी मनात धरून पुढे वाचावे.

हे तेल आहे तरी काय?

लॅव्हेंडर हे तुळस, पुदिना यांच्या कुळातले जांभळ्या फुलांचे झुडूप. त्याला थंड, कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन मानवते. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत ते रमत नाही. भारतात त्याची मोठी लागवड जम्मू-काश्मीरमध्ये, विशेषतः डोडा जिल्ह्यातील भदरवाह भागात होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या 'अरोमा मिशन'मधून, जम्मूच्या संशोधन संस्थेच्या मदतीने तिथल्या शेतकऱ्यांनी मक्याऐवजी लॅव्हेंडर लावले. हीच ती गाजलेली 'जांभळी क्रांती'. २०२२ च्या मे महिन्यात भदरवाहला लॅव्हेंडर महोत्सवही झाला. त्यामुळे हे तेल आता केवळ परदेशातून येणारी भेटवस्तू राहिलेले नाही. वाशी-सीवूड्सच्या मॉलपासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत ते पोहोचले आहे.

फुलांतून वाफ सोडून, ती वाफ थंड करून हे तेल काढतात. एक किलो तेलासाठी साधारण शंभर किलो किंवा त्याहून अधिक फुले लागतात. यावरून त्याच्या तीव्रतेची कल्पना यावी. आपण खोबरेल किंवा तिळाचे तेल म्हणतो, तसे हे 'तेल' नव्हे. ते उडून जाणारे, अतिशय तीव्र असे रासायनिक मिश्रण आहे. त्यात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही द्रव्ये मुख्य असतात. सुवास आणि शांत वाटण्याचा गुण बहुतांशी त्यांच्यामुळे येतो. लॅव्हेंडरच्या काही जातींच्या तेलात कापराचे प्रमाण बरेच जास्त असते. ते उत्तेजक असल्याने झोपेसाठी उपयोगी नाही. वेष्टनावर 'लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया' हे शास्त्रीय नाव असेल, तर ते आपल्याला हवे असलेले तेल, असे समजावे.

बाजारात 'लॅव्हेंडर फ्रॅग्रन्स ऑइल' नावानेही बाटल्या मिळतात. तो कृत्रिम सुगंध असतो. खोली सुवासिक करायला ठीक, त्वचेला लावण्यासाठी नाही. शंभर किलो फुलांचा हिशेब लक्षात ठेवला, तर 'शुद्ध' म्हणून अगदी स्वस्तात मिळणाऱ्या बाटलीविषयी शंका आपोआप येईल.

लाभ: किती खरा, किती ऐकीव?

लॅव्हेंडरवर संशोधन झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. इतर अनेक सुगंधी तेलांपेक्षा त्यावर अधिक अभ्यास झाले आहेत. त्यांचे सार असे:

चिंता आणि अस्वस्थता. या बाबतीतला सर्वांत बळकट पुरावा वास घेण्याविषयीचा नाही. तो जर्मनीत औषध म्हणून मिळणाऱ्या, ८० मिलिग्रॅम प्रमाणित तेल असलेल्या कॅप्सूलविषयीचा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या वापरानंतर या कॅप्सूलचा परिणाम लोराझेपाम या चिंताशामक गोळीच्या अल्प मात्रेइतका दिसला. यावरून घरातली बाटली तोंडात रिकामी करावी, असा अर्थ कुणी काढू नये. औषध म्हणून तयार केलेली, मोजून भरलेली कॅप्सूल वेगळी आणि सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जाणारी बाटली वेगळी.

झोप. लॅव्हेंडरचा वास घेतल्यावर झोपेची प्रत किंचित सुधारल्याचे अनेक लहान अभ्यासांत दिसते. पण या अभ्यासांत एक अडचण कायम राहते. औषधाच्या चाचणीत खरी गोळी आणि खोटी गोळी सारखी दिसते. वास मात्र लपवता येत नाही. आपल्याला झोपेचे तेल मिळाले आहे हे कळल्यावर मन निम्मे शांत होतेच. तरीही मी या लाभाला कमी लेखणार नाही. रोज रात्री ठरावीक वेळी दिवा मंद करणे, मोबाइल बाजूला ठेवणे, कुणीतरी पाय चेपून देणे आणि एक ओळखीचा सुवास, यांचा मिळून झोपेला उपयोग होतो. त्यात तेलाचा वाटा किती आणि लेकीच्या हाताचा किती, हे कुणाला मोजता येणार?

स्मृतिभ्रंशातील अस्वस्थता. संध्याकाळ झाली की बेचैन होणारे, येरझारा घालणारे, चिडणारे आई-वडील ज्यांच्या घरी आहेत, ती मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. या विषयावरील अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०२० साली एकत्रित आढावा घेतला. त्यातून ठाम निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा मिळाला नाही. सुवासाने रुग्ण शांत होत असेल, तर जरूर वापरावा. नाही झाला, तर मात्रा वाढवत बसू नये. अचानक वाढलेल्या अस्वस्थतेमागे लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अंगदुखी किंवा नवे औषध असू शकते. ते आधी तपासून घ्यावे.

भाजणे, जखम. फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे यांनी प्रयोगशाळेतील अपघातात भाजलेल्या हातावर लॅव्हेंडर वापरले आणि १९३७ साली 'ॲरोमाथेरपी' या नावाने पुस्तक लिहिले. तेव्हापासून 'भाजल्यावर लॅव्हेंडर' ही समजूत रूढ झाली. ती प्रतिजैविकांपूर्वीच्या काळातली गोष्ट आहे. आज भाजल्यावर पहिला उपाय एकच: वीस मिनिटे नळाचे गार वाहते पाणी. तेल, टूथपेस्ट, हळद, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

दुष्परिणाम: 'नैसर्गिक आहे' म्हणून निर्धास्त नको

त्वचेचे वावडे. काकूंना झालेला त्रास हा लॅव्हेंडरचा सर्वांत सामान्य दुष्परिणाम. बाटली वारंवार उघडल्याने हवेतील प्राणवायूचा तेलाशी संयोग होतो आणि लिनालूलपासून वावडे निर्माण करणारी द्रव्ये तयार होतात. म्हणजे जुनी, अर्धी रिकामी, खिडकीत उन्हात ठेवलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा अधिक त्रासदायक असते. जपानमध्ये १९९० च्या दशकात उशीत, कपाटात सुकी लॅव्हेंडर फुले ठेवण्याची टूम निघाली, तेव्हा त्वचेच्या चाचण्यांत लॅव्हेंडरचे वावडे असणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेल्याचे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. वृद्धांची त्वचा पातळ आणि कोरडी असते, खाजवल्याने सहज सोलवटते आणि मधुमेह असल्यास जखम लवकर भरत नाही. एकदा वावडे निर्माण झाले, की ते बहुधा आयुष्यभर राहते. पुढे साबण, अत्तर, क्रीम यांतील लॅव्हेंडरही मग सोसत नाही.

दमा आणि श्वसनविकार. दमा किंवा जुनाट खोकला असलेल्यांना कोणताही उग्र वास त्रास देऊ शकतो. नवी मुंबईतले आपले फ्लॅट धूळ, डास आणि वातानुकूलन यांमुळे बरेचदा बंदच असतात. दहा बाय बाराच्या बंद खोलीत रात्रभर डिफ्यूझर चालू ठेवणे म्हणजे फुप्फुसांना रात्रपाळीला लावणे होय. यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वयानुसार वास घेण्याची शक्ती कमी होते. पार्किन्सन आणि अल्झायमर या आजारांत ती फार लवकर मंदावते. आजोबांना वास 'येतच नाही', म्हणून थेंब वाढत जातात आणि शेजारी झोपलेल्या नातवाचे डोके दुखू लागते. (घरातल्या वडीलधाऱ्यांना वास येत नसेल, तर स्वयंपाकघरातली गॅसगळतीही त्यांना कळणार नाही. गॅस-गळती सूचक यंत्राचा विचार जरूर करावा.)

नेब्युलायझरमध्ये तेल. हे कधीही करू नये. तेलाचे सूक्ष्म कण फुप्फुसांत जाऊन तेथे सूज येते. तो न्युमोनिया प्रतिजैविकांनी बरा होत नाही. नाकात तेलाचे थेंब सोडण्याबाबतही, विशेषतः गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत, हाच धोका आहे. घरी ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाच्या नाकाजवळ, चेहऱ्यावर कोणतेही तेल किंवा तेलकट बाम लावू नये. ऑक्सिजनच्या सान्निध्यात ते सहज पेट घेऊ शकते.

झोपेच्या गोळ्यांची जोड. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम अशी गोळी रात्री घेणाऱ्यांनी त्याच्या जोडीला लॅव्हेंडर पोटात घेतल्यास गुंगी वाढू शकते. रात्री लघवीला उठताना तोल जातो, पडणे होते आणि खुब्याचे हाड मोडते. उलट चूकही तितकीच धोक्याची आहे: 'आता नैसर्गिक तेल मिळाले' म्हणून वर्षानुवर्षे चालू असलेली झोपेची गोळी एका रात्रीत बंद करणे. त्यातून घबराट, थरथर, भ्रम, क्वचित झटकेही येऊ शकतात. या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्याने कमी करायच्या असतात.

लहान मुलग्यांविषयीची शंका. २००७ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात तीन मुलग्यांची नोंद आली. लॅव्हेंडर व टी-ट्री तेलयुक्त वस्तू वापरताना त्यांच्या छातीची वाढ झाली होती. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध सिद्ध झालेला नाही. भीती नको, पण लहान मुलांना रोज हे तेल चोळण्याचे प्रयोजनही नाही.

बाटल्यांची गल्लत

दवाखान्यात पाहिलेला आणखी एक प्रसंग. मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही असलेले एक आजोबा. उशाजवळच्या डब्यात डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती आणि शेजारीच, जवळपास तेवढ्याच आकाराची, ठिबकणाऱ्या झाकणाची सुगंधी तेलाची बाटली. रात्री दिवा न लावता त्यांनी चुकीची बाटली उचलली. डोळ्याची आग झाली, सूज आली. सुदैवाने घरातल्यांनी लगेच डोळा भरपूर पाण्याने धुतला आणि नेत्रतज्ज्ञांकडे नेले, दृष्टी वाचली.

चूक आजोबांची नव्हती. ती चूक त्या डब्याच्या मांडणीत होती. पोटात घ्यायची औषधे, डोळ्यांची औषधे आणि अंगाला लावायची तेले यांच्या तीन निरनिराळ्या जागा ठरवाव्यात. तेलाच्या बाटलीला जाड दोरा किंवा रबर गुंडाळावे, म्हणजे अंधारात हाताला फरक कळेल. आज घरी जाऊन एवढे केलेत, तरी हा लेख सार्थकी लागला.

आपल्या घरातली जुनी ओळखीची तेले

लॅव्हेंडर नवखे आहे, म्हणून त्याविषयी आपण निदान शंका तरी विचारतो. कापूर आणि निलगिरी मात्र घरचीच. त्यांच्याविषयी कुणी विचारत नाही. प्रत्यक्षात विषारीपणाच्या दृष्टीने ती लॅव्हेंडरपेक्षा कितीतरी अधिक धोक्याची आहेत. कापूर पोटात गेल्यास अर्ध्या-पाऊण तासातही फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. लहान मुलाला तर थोडासा कापूरही जीवघेणा ठरू शकतो. निलगिरीचे चमचाभर तेल मुलाच्या पोटात गेले, तर त्याची शुद्ध हरपू शकते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञांनी निलगिरी व कापूरयुक्त तेले आणि बाम यांच्या वापरानंतर, नुसता वास घेतल्यानंतरही, झटके आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. घरात कुणाला अपस्माराचा त्रास असेल, तर ही तेले आणि तीव्र बाम दूर ठेवावेत आणि आपल्या डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी.

२०२१ च्या करोना लाटेत कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरीची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो, असा संदेश घरोघरी फिरत होता. नाकात गारवा जाणवल्याने श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते. ऑक्सिमीटरवरचा आकडा मात्र त्याने वाढत नाही. त्या दिवसांत पुरचुंडीच्या भरवशावर रुग्णालयात उशिरा पोहोचलेले रुग्ण आम्ही डॉक्टरांनी पाहिले आहेत. काकूंच्या गोष्टीशी याचे नाते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

वापरायचेच असेल, तर असे वापरावे

१. सर्वांत सुरक्षित पद्धत सर्वांत स्वस्त आहे. कापसाच्या बोळ्यावर एक-दोन थेंब टाकून तो उशीपासून हातभर अंतरावर, वाटीत ठेवावा. उशीच्या अभ्र्यावर थेंब टाकू नयेत. रात्रभर गाल आणि डोळे त्याला लागत राहतात.

२. डिफ्यूझर असल्यास पाण्यात तीन-चार थेंब पुरेत. झोपण्यापूर्वी अर्धा तास, खिडकी किंचित उघडी ठेवून लावावा आणि मग बंद करावा. मेणबत्तीवर चालणारी दिवली वृद्धांच्या खोलीत नको.

३. अंगाला लावायचे असल्यास कधीही थेट लावू नये. ३० मिलिलिटर, म्हणजे सहा छोटे चमचे खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पाच-सहा थेंब, एवढेच प्रमाण असावे. डोळे, नाक, जखम, चिरा पडलेल्या टाचा आणि गुप्तांगे टाळावीत.

४. पहिल्या वेळी हे पातळ केलेले तेल कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आल्यास तेल वापरू नये.

५. तळपायाला तेल चोळले असल्यास फरशीवर पाय ठेवण्यापूर्वी पुसून घ्यावेत. घसरून पडण्याचा धोका कोणत्याही दुष्परिणामापेक्षा मोठा आहे.

६. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. झाकण घट्ट लावून, थंड आणि अंधाऱ्या जागी, नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. वर्ष उलटल्यावर किंवा वास बदलल्यावर टाकून द्यावी.

७. पोटात घेऊ नये. चहात, दुधात, पाण्यात थेंब टाकण्याचे सल्ले मोबाइलवर कितीही आले तरी नाही.

चुकून कुणी तेल प्याले, तर उलटी करवू नये. उलटीच्या वेळी तेल श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मीठ-पाणी किंवा दूध पाजू नये. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालयात जावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि दिल्लीच्या एम्स येथील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

झोप का येत नाही? आधी हे तपासावे

आता मूळ सूत्राकडे येऊ. झोप उडवणारी कारणे वृद्धापकाळात फार असतात आणि त्यांतली बरीचशी दूर करण्याजोगी असतात. घरातल्या काळजीवाहूंनी खालील प्रश्न विचारून उत्तरे कागदावर लिहावीत आणि तो कागद डॉक्टरांकडे न्यावा.

आडवे पडल्यावर दम लागतो का? उशा वाढल्या आहेत का? संध्याकाळी पायांवर सूज येते का? उत्तर 'हो' असेल, तर त्याच आठवड्यात दाखवावे. बसूनही दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याच क्षणी.

रात्री किती वेळा लघवीला उठावे लागते? प्रोस्टेटची वाढ, अनियंत्रित मधुमेह किंवा लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेणे ही त्याची सामान्य कारणे. ही गोळी सकाळी घेता येईल का, ते विचारावे. वेळ मात्र स्वतःहून बदलू नये.

घोरताना श्वास मध्येच थांबतो आणि दचकून जाग येते का? हे शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असते.

गुडघे, पाठ, खांदा दुखल्याने जाग येते का? पाय सतत हलवावेसे वाटतात का? यामागे कधी कधी लोहाची कमतरता असते.

सर्दीच्या गोळ्या, दम्याची काही औषधे किंवा स्टेरॉइड चालू आहे का?

दुपारी किती वेळ झोप होते? शेवटचा चहा किती वाजता? दिवसभरात ऊन अंगावर येते का? सकाळी अर्धा तास घराबाहेर पडणे, मग ते पाम बीच रस्त्यालगतच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या पायवाटेवर असो वा सोसायटीच्या आवारात, रात्रीच्या झोपेला अनेक गोळ्यांपेक्षा जास्त मदत करते.

आणि शेवटचा प्रश्न, जो बहुधा कुणी विचारत नाही: मनात काय चालते? जोडीदार गेल्यानंतर, मुले दूर गेल्यानंतर, पहाटे तीनला येणारी जाग पुष्कळदा नैराश्याची असते. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते वृद्धांनाही लागू पडतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रक्तदाबाची गोळी चालू असताना लॅव्हेंडरचा वास घेतला तर चालेल का?*
चालेल. वास घेण्याने रक्तदाबाच्या गोळ्यांना बाधा येत नाही. पण लॅव्हेंडरने रक्तदाब उतरतो, असे मानून गोळी चुकवू नये.

*शस्त्रक्रिया ठरली आहे. काही सांगावे लागेल का?*
होय. भूलतज्ज्ञांना आपण घेत असलेली प्रत्येक गोष्ट सांगावी: काढे, चूर्णे, कॅप्सूल आणि तेलेसुद्धा.

*आईला वास आवडत नाही, पण भाऊ आग्रह धरतो.*
आईचे ऐकावे. न आवडणाऱ्या वासाने कुणालाही शांत झोप लागत नाही. तिला मोगरा किंवा सुरंगी आवडत असेल, तर उशाशी दोन फुले ठेवावीत.

काकू मागच्या महिन्यात तपासणीला आल्या होत्या. मानेवरचे डाग गेले आहेत, रात्री एकच उशी पुरते. नातीला वाईट वाटू नये म्हणून ती बाटली त्यांनी फेकलेली नाही. काचेच्या कपाटात ठेवली आहे. मीही तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. रक्तदाब मोजून झाला, की प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला विचारतो: "रात्री किती उशा लागतात?" आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न आज रात्रीच विचारावा.